भाव पडणं वेगळं, घर पडणं वेगळं

पूर्वी हळदीकुंकवाला बायका जमल्या की साड्या, सोनं आणि सासू या तीन विषयांवर बोलणं व्हायचं. आमच्या चिंचोटीत हल्ली चौथा विषय आला आहे. फ्लॅटचा भाव! वाणाची वाटी पिशवीत जाते न जाते तोच कुणीतरी विचारतं, "तुमच्या वरच्या मजल्यावरचा फ्लॅट गेला का हो?" नाही गेला. दीड वर्ष झालं, खिडकीतली 'विकणे आहे'ची पाटी उन्हानं पिवळी पडली. मग दुसरी सांगते, एजंट म्हणाला, 'पाच वर्षांपूर्वी घेतलात त्याच भावात सुटलात तर नशीब समजा.' तिसरीच्या जावेचं घर ठाण्याला, तिथं म्हणे भाव कुठल्या कुठे गेला. अत्तर लावून, पेढा खाऊन बाई घरी येते ती मनात एक कुसळ घेऊनच. रात्री जेवताना विषय निघतो. "मी तेव्हाच म्हणत होते, ठाण्याला घेऊ." "तेव्हा ठाण्याचे पैसे कुठून आणणार होतीस?" पुढचं सांगायला नको.

मी काही अर्थशास्त्रातली जाणकार नाही. इतिहास घेऊन बी. ए. केलं आणि सकाळचं घर आवरून अर्धा दिवस शाळेत शिकवते. पण इतिहासाची एक खोड लागते, ती म्हणजे कुठलीही गोष्ट पाच महिन्यांच्या नाही तर पंचवीस वर्षांच्या मापानं बघायची. घराच्या भावाकडे तसं बघितलं तर काय दिसतं, ते आज जरा निवांतपणे बोलूया.

आधी आमच्या गावाची ओळख. मुंबई-अहमदाबाद महामार्गानं वसईची खाडी ओलांडून आलं की थोड्याच वेळात चिंचोटी लागते. इथूनच कामणवरून भिवंडीकडे रस्ता फुटतो. मागं तुंगारेश्वरचा डोंगर, २००३ पासून अभयारण्य. मुंबईच्या लोकांना चिंचोटी माहीत आहे ती धबधब्यासाठी, आणि पावसाळ्यात तिथं बुडून माणसं जातात म्हणून पोलिसांना बंदी घालावी लागते त्यासाठी. आम्हाला ती माहीत आहे ट्रकच्या रांगांसाठी, कामणकडच्या गोदामांसाठी आणि नायगाव किंवा वसई रोड स्टेशन गाठायला रिक्षात चौथी सीट होऊन बसण्यासाठी. २००९ साली चार नगरपालिका आणि आजूबाजूच्या गावांची मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ च्या १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्यातून निघून आम्ही पालघर जिल्ह्यात आलो. पत्ता बदलला, पण सकाळची लोकल तीच राहिली.

इथं माणसं का आली? हौसेनं कुणी आलं नाही. बोरिवली-दहिसरला जेवढ्यात एक खोली येत नव्हती तेवढ्यात इथं वन रूम किचन, पुढे वन बीएचके मिळत होतं, म्हणून आली. चाळीतली, भाड्याच्या खोलीतली, दर अकरा महिन्यांनी सामान बांधून कंटाळलेली. त्या घरासाठी पाटल्या मोडलेल्या असतात, गावचा जमिनीचा तुकडा विकलेला असतो. म्हणूनच भाव हलत नाही म्हटलं की बाईच्या पोटात गोळा येतो. तिच्या लेखी तो नुसता आकडा नसतो.

भाव का हलत नाही, याची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. नायगाव पूर्वेला नवे उंच टॉवर उठले. त्यात लिफ्ट, बाग, पोहण्याचा तलाव आणि छापील रंगीत पुस्तिका. त्याच पैशात आमच्या चार मजली, लिफ्ट नसलेल्या, पंधरा वर्षं जुन्या इमारतीत गिऱ्हाईक कशाला येईल? शिवाय रस्ता. वर्सोव्याचा खाडीपूल वर्षानुवर्षं गळ्याला फास होता. नवा पूल २०२३ मध्ये सुरू झाला तेव्हा हायसं वाटलं, पण पुढचं काँक्रीटीकरण सुरू झालं आणि २०२४ मध्ये पुन्हा तासन् तास गाड्या अडकल्या. चिंचोटी-कामण रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल तर न बोललेलंच बरं. नवं गिऱ्हाईक एकदा त्या रस्त्यानं घर बघायला आलं की परत फोन करत नाही.

आणि येणारे प्रकल्प! एजंटांचं अर्धं बोलणं यावरच चालतं. विरारला बुलेट ट्रेनचं स्टेशन होणार, विरार-अलिबाग मार्ग होणार, मेट्रो इकडे येणार, वाढवणला बंदर होणार (त्याचं भूमिपूजन २०२४ च्या ऑगस्टमध्ये झालंही). यातलं बरंचसं खरं होईल. पण मैत्रिणींनो, गंमत अशी की या होणाऱ्या गोष्टींचे पैसे बिल्डरनं पहिल्याच दिवशी तुमच्याकडून घेतलेले असतात. 'पाच वर्षांत इथं सोनं होणार' म्हणून जो भाव तुम्ही दिलात त्यात ते सोनं धरलेलंच होतं. मग प्रकल्प दहा वर्षं लांबला की भाव दहा वर्षं तिथंच उभा राहतो, उशिरा येणाऱ्या गाडीसाठी फलाटावर उभं राहावं तसा. म्हणून आपल्या भागात भाव थांबला म्हणजे काही आक्रीत घडलं असं नाही.

आजवर काय झालं?

ऐंशीच्या दशकात गिरणगावातला १९८२ चा संप झाला, घरातलं मिळवतं माणूस बसलं. चाळीतल्या खोल्या अपुऱ्या पडू लागल्या आणि माणसं डोंबिवली, वसई, विरारकडे निघाली. १९८८ मध्ये सरकारनं वसईतल्या मोठ्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामाचा मार्ग मोकळा केला. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं. पाणी कुठून आणणार, विहिरींचं काय होणार, असे प्रश्न त्यांनी विचारले होते. १९९० मध्ये सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमलं. इमारती उठल्या, पण पाण्याचं उत्तर मिळायला तीस वर्षं लागली. उसगाव, पेल्हारच्या धरणांवर भागेना, टँकर ही आमच्याकडे कुटुंबातल्या माणसासारखी गोष्ट झाली. सूर्या प्रकल्पाचं वाढीव पाणी अलीकडच्या काही वर्षांत येऊ लागलं.

याच काळात भावाची एक मोठी लाट येऊन गेली. १९९४-९५ च्या सुमारास मुंबईतले भाव शिखराला पोहोचले. नरिमन पॉइंटचं ऑफिसचं भाडं तेव्हा जगातल्या सर्वांत महागड्या भाड्यांत गणलं जात होतं. 'आत्ता घेतलं नाही तर जन्मात घेता येणार नाही' असं जो तो म्हणायचा. आणि मग भाव उतरू लागले. वर्ष नाही, दोन वर्षं नाही, २००२-०३ उजाडेपर्यंत बाजार अंग धरत नव्हता. शिखरावर घेतलेल्यांनी सात-आठ वर्षं हात चोळले. त्यानंतर २००३ ते २००८ भाव असे पळाले, की त्याच लोकांना जाऊबाया शहाण्या म्हणू लागल्या. माणूस तोच, घर तेच! २००८ ला पुन्हा धक्का, पुन्हा उचल, आणि २०१३-१४ नंतर लांबलेली मरगळ. २०१६ ची नोटाबंदी, २०१७ ला एकाच वर्षात महारेरा आणि जीएसटी, मग २०२० चा कोविड. त्या वर्षी सरकारला मुद्रांक शुल्क काही महिन्यांसाठी कमी करावं लागलं तेव्हा कुठे नोंदणी कार्यालयांत रांगा दिसल्या.

या चाळीस वर्षांत भाव दरवर्षी पायरी पायरी चढला असं कधी झालंच नाही. तो चार-पाच वर्षं धावतो आणि सात-आठ वर्षं बसून राहतो. आपण घर घेतो ते बहुधा तो धावत असताना, कारण बसलेल्या बाजारात कुणाला घाई नसते. मग तो बसला की आपल्याला वाटतं, आपल्यालाच फसवलं.

पण म्हणून 'थांबा, घराचा भाव वाढतोच' असंही मी म्हणणार नाही. ती एजंटची भाषा झाली. जपानमध्ये १९९१ च्या सुमारास जमिनीचा फुगा फुटला, तेव्हा टोकियोतल्या मध्यमवर्गीयांनी दशकभराहून जास्त काळ आपल्या घराची किंमत उतरताना पाहिली. आणि दुसरं एक उदाहरण मला फार आवडतं. आम्सटरडॅम शहरात हेरेनग्राख्त नावाचा कालवा आहे. त्याच्या काठच्या घरांचे खरेदी-विक्रीचे कागद १६२८ पासून जपून ठेवलेले आहेत. आयखोल्ट्स नावाच्या डच प्राध्यापकांनी ते सारे तपासले. महागाई वजा केल्यावर साडेतीनशे वर्षांत त्या घरांची किंमत जेमतेम दुपटीच्या आसपास गेली होती. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधीपासून ते आपल्या आईच्या लग्नापर्यंत! मधे युद्धं, प्लेग, तेजी-मंदी सगळं होऊन गेलं. पण तेवढ्या काळात किती पिढ्या त्या छपरांखाली जेवल्या, बाळंत झाल्या, म्हाताऱ्या झाल्या, त्याचा आकडा त्या कागदांत नाही.

वहीत मांडलेला हिशेब

आता डबा-वही घेऊन बसा. समजा घर २५ लाखांचं घेतलं. पाच लाख पदरचे, वीस लाख कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता सुमारे १७,३५६ रुपये. पहिल्या हप्त्यातले १४,१६७ व्याजात जातात आणि मुद्दलात पडतात फक्त ३,१८९. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता तुम्ही १० लाख ४१ हजार भरता आणि मुद्दल फिटतं अवघं २ लाख ३७ हजार! १७ लाख ६३ हजार अजून डोक्यावर. हप्त्यातला निम्मा भाग मुद्दलात जायला जवळजवळ बारा वर्षं लागतात. कर्ज घेताना हे कुणी आपल्याला बसवून समजावत नाही, सह्या कुठे करायच्या तेवढं दाखवतात.

आता पाच वर्षांनी भाव तिथंच आहे म्हणून वैतागून २५ लाखांनाच विकलं. दलाली वजा जाता, बँकेचे फेडून हातात येतात सातेक लाख. दुसरीकडे घर घ्यायचं तर मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, टेम्पो, नवी ग्रिल, किचनचा ओटा, यात दोन लाख कसे गेले कळतसुद्धा नाही. आणि नव्या कर्जाचा पहिला हप्ता पुन्हा सगळा व्याजाचा. पाच वर्षं चढलेला जिना उतरून दुसऱ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं राहायचं, असा हा प्रकार आहे.

भाड्यानं राहणाऱ्या मैत्रिणीचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडू. तिचं भाडं समजा आठ हजार. पाच वर्षांत तिचे ४ लाख ८० हजार गेले, तुमचं नुसतं व्याजच आठ लाखांवर गेलं, मेंटेनन्स आणि घरपट्टी वेगळी. भाव न वाढणाऱ्या पहिल्या पाच वर्षांत तीच जिंकली, हे मान्य करायला हवं. पण तिचं भाडं वर्षाला सहा टक्क्यांनी जरी वाढलं तरी चौदा वर्षांनी ते १८ हजारांच्या पुढं जातं. तुमचा हप्ता मात्र, व्याजदराचं थोडं मागंपुढं सोडलं तर, तोच १७,३५६. तेव्हा पगार वाढलेला असतो, मुलगा कॉलेजात असतो, आणि जो हप्ता एकेकाळी अर्धा पगार खायचा तो आता किराणाच्या बिलाशेजारी निमूट बसतो. विसाव्या वर्षी तो संपतो. भाडं संपत नाही. घराचा फायदा असा मागच्या दारानं, उशिरा येतो. भाव वाढला तर ती वरची साय.

महागाईचंही लक्षात असू द्या. वर्षाला पाच टक्के धरली, तर आज २५ लाखांत जे येतं त्याला दहा वर्षांनी सुमारे ४१ लाख लागतील. म्हणजे दहा वर्षांनी एजंट 'पंचवीसचे तीस झाले' म्हणून पेढे मागेल तेव्हा ते देऊ नका! आणि म्हणूनच, राहायला एक घर असताना 'गुंतवणूक' म्हणून आमच्या भागात दुसरा फ्लॅट घेऊन बंद ठेवायचा, हे मला पटत नाही. बंद घराला मेंटेनन्स लागतो, गळती लागते आणि भाडेकरूही चटकन लागत नाही. राहणारीची गोष्ट वेगळी आणि गुंतवणारीची वेगळी. दोघी एकाच पाटीकडे बघून एकच उसासा टाकतात, तिथं घोटाळा होतो.

भाव आपल्या हातात नाही, पण कर्ज थोडंफार आहे. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर २०२२ च्या मे महिन्यापासून वाढत ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा कित्येकींच्या कर्जाची मुदत न सांगता-सवरता लांबली. २०२५ मध्ये तो उतरत सव्वापाचवर आला. तुमचं कर्ज ऑक्टोबर २०१९ नंतरचं, बँकेचं आणि बदलत्या दराचं असेल तर घट आपोआप पोहोचायला हवी. त्याआधीचं असेल तर बँकेत जाऊन नव्या पद्धतीत बदलून मागावं लागतं, थोडी फी पडते. दर उतरला की हप्ता कमी करून घेण्याचा मोह होतो. तो आवरा, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी होऊ द्या. आणि बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर दंड घेता येत नाही, हे माहीत असू द्या. भिशी लागली, बोनस आला, की वर्षाकाठी एक हप्ता जादा भरायचा. वरच्या हिशेबातलं वीस वर्षांचं कर्ज त्यानं साडेसोळा-पावणेसतरा वर्षांत फिटतं. बाजार थंड असो की गरम, हा फायदा पक्का.

खरी काळजी कशाची?

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येते. भाव थांबला म्हणून झोप उडालेल्या किती जणींनी आपल्या घराचे कागद शेवटचे कधी बघितले?

नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी भागात ४१ इमारती होत्या. जमीन कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव. त्यावर बेकायदा इमारती झाल्या, फ्लॅट विकले गेले, लोक वर्षानुवर्षं राहिले, मुलं तिथल्या शाळांत गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं २०२४ च्या अखेरीपासून पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्या सगळ्या जमीनदोस्त झाल्या. त्या बायकांनीही हप्ते भरले होते, दारात रांगोळ्या काढल्या होत्या. आणि २०२५ च्या ऑगस्टच्या शेवटी विरारला विजय नगरमधली रमाबाई अपार्टमेंट मध्यरात्री कोसळली. १७ माणसं गेली. इमारत काही आजोबांच्या काळातली नव्हती, जेमतेम दहा-बारा वर्षांची. तीही अनधिकृत.

त्या दोन्ही ठिकाणच्या बायकांना कदाचित आदल्या वर्षी कुणीतरी चांगला भाव सांगितलाही असेल.

भाव पडला तर घर उभं राहतं, त्यात राहता येतं, वाट बघता येते. कागद खोटा निघाला किंवा खांब पोकळ निघाला तर वाट बघायला जागाच उरत नाही. म्हणून बाजार थंड असलेली ही वर्षं कागद नीट करायला वापरावीत असं मला फार वाटतं. विकायची घाई नसते तेव्हाच ही कामं होतात. गिऱ्हाईक दारात उभं राहिल्यावर धावपळ करून काही मिळत नाही.

पहिली चौकशी भोगवटा प्रमाणपत्राची, ज्याला सगळे ओसी म्हणतात. बांधकामाची परवानगी म्हणजे सीसी, ती वेगळी, आणि इमारत परवानगीप्रमाणे पुरी झाली, राहायला योग्य आहे, असं महापालिकेनं दिलेलं ओसी वेगळं. आमच्या भागात सीसी दाखवून 'सगळं क्लिअर आहे' म्हणणारे पुष्कळ. ओसी नसेल तर मोठ्या बँका कर्ज द्यायला कां-कूं करतात, आणि कर्ज मिळत नसेल तर गिऱ्हाईक येत नाही. पुष्कळदा 'मंदी आहे हो' याचा खरा अर्थ 'ओसी नाही हो' असा असतो! शेजारच्या इमारतीतला फ्लॅट दोन महिन्यांत जातो आणि आपला दोन वर्षं राहतो, त्याचं कारण बाजारात नसून कपाटातल्या फायलीत असतं.

कागद हातात आहे म्हणून तो खरा, असंही धरू नका. डोंबिवली भागातल्या ६५ इमारतींचं प्रकरण २०२२ मध्ये उघडकीला आलं. खोट्या परवानग्या दाखवून त्यांची महारेराकडे नोंदणीसुद्धा झाली होती. विरारमध्येही २०२३ साली बनावट परवानग्यांचा असाच प्रकार पकडला गेला. तेव्हा सीसी-ओसीची झेरॉक्स घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन तो क्रमांक त्यांच्या दप्तरात आहे का, हे विचारावं. उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. अर्जाला दहा रुपये लागतात. मेथीची जुडी त्याहून महाग झाली आहे.

दुसरं, जमीन कुणाच्या नावावर आहे? फ्लॅट आपला, सोसायटी आपली, आणि सातबाऱ्यावर मात्र अजून मूळ मालक किंवा बिल्डर, ही अवस्था घरोघरी आहे. १९६३ च्या मोफा कायद्यानं बिल्डरनं सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, करून द्यायचं असतं. ते टाळतात, म्हणून २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. बिल्डर सही करत नसेल, सापडत नसेल, तरी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून सोसायटीला जमीन नावावर घेता येते. पुढे कधी इमारत जुनी होऊन पुन्हा बांधायची वेळ आली तर जमीन ज्याच्या नावावर त्याचाच शब्द चालणार. सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला की पुरुषमंडळी पार्किंगवर घसरतात, असा माझा अनुभव आहे. बायकांनी चिकाटीनं परत परत काढावा.

तिसरं, इमारतीची तब्येत. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. वर्गणी काढायची म्हटली की सगळे गप्प. पण खांबाला उभी चीर गेली, प्लॅस्टर सुटून गंजलेली सळी दिसू लागली, की तिच्यावर पुट्टी मारून रंग देणं म्हणजे ताप आलेल्या मुलाला पावडर लावण्यासारखं आहे.

चौथी गोष्ट घरातल्या घरात बोलायची. घर कुणाच्या नावावर आहे? दागिने मोडले तिचे आणि करारावर नाव एकट्या त्यांचं, हे आजही सर्रास दिसतं. नॉमिनी लावलंय की, असं सांगतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीनं तात्पुरतं कुणाशी व्यवहार करायचा एवढंच त्यातून ठरतं, हक्क वारसांचा. नवं घर घेताना दोघांची नावं घालायचा आग्रह धरावा, आणि असलेल्या घराचं साधं का होईना, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं मृत्युपत्र करून ठेवायला सांगावं. सासूबाईंना हे अभद्र वाटेल, वाटू द्यावं. घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. २५ लाखांवर २५ हजार वाचतात. पुढं पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, तीही २०२३ मध्ये निघाली.

मग विकायचं कुणी आणि घ्यायचं कुणी?

विकूच नका, असं माझं म्हणणं नाही. नवऱ्याची नोकरी पुण्याला गेली, सासूबाईंना जिना चढवत नाही, हप्ता भरून मुलांची फी भरणं होत नाही, अशी कारणं असतील तर मिळेल त्या वाजवी भावाला विकावं आणि मागे वळून बघू नये. 'एवढ्यात घेतलं होतं, तेवढे तरी आलेच पाहिजेत' हा हट्ट महागात पडतो. आपण कितीला घेतलं याच्याशी गिऱ्हाईकाला काही देणंघेणं नसतं. आणि इमारतच धोकादायक आहे, कागद दुरुस्त होण्यातले नाहीत असं कळलं, तर तिथं 'धीर धरा' हा सल्ला मी देणार नाही. ते दुसऱ्या बाईच्या गळ्यात मारायचाही सल्ला देणार नाही. वकिलाला गाठून सोसायटीनं एकत्र मार्ग काढणं लांबचं असलं तरी तेवढंच हातात आहे. नुसतं जावेचं घर वाढलं म्हणून विकायचं असेल, तर मात्र वरचा जिन्याचा हिशेब पुन्हा एकदा वाचावा.

ज्यांना घ्यायचं आहे त्यांच्यासाठी थंड बाजार ही माहेरची सुट्टीच समजा. कुणी 'आजच टोकन द्या, उद्या दुसरा येतोय' म्हणालं तर हसून घरी यावं. भाव करावा. चालू बांधकामात घेत असाल तर महारेराचा नोंदणी क्रमांक बघावा. नोंदलेल्या करारनाम्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि भाव कार्पेटवर ठरतो, 'सुपर बिल्टअप'वर नाही. तयार, ओसी मिळालेल्या घराच्या पहिल्या विक्रीवर जीएसटी नसतो. चालू बांधकामात परवडणाऱ्या घराला तो १ टक्का, इतरांना ५ टक्के. रेडी रेकनरचा दर बघून ठेवावा, म्हणजे समोरचा किती वर बोलतोय याचा अंदाज येतो. त्याच इमारतीतल्या अलीकडच्या विक्रीचे इंडेक्स टू काढले तर अंदाजाचीही गरज उरत नाही. एजंटच्या तोंडचा भाव आणि इंडेक्स टू वरचा भाव यांची भेट क्वचितच होते.

आणि घर बघायला जायचं ते दिवाळीच्या कोरड्या हवेत, रविवारी दुपारी जाऊ नये. सोमवारी सकाळी आठला स्टेशनपर्यंत रिक्षानं जाऊन बघावं, किती वेळ लागतो तो. आमच्याकडे तर जुलैतच यावं. २०१८ च्या जुलैत वसईत पाणी भरून लोकल बंद पडल्या आणि मिठागरातल्या वस्तीचा संपर्क तुटला, तेव्हा ज्या गल्ल्या कोरड्या राहिल्या त्या आम्हा राहणाऱ्यांना पाठ आहेत, पुस्तिकेत त्या छापत नाहीत. भरतीच्या वेळी, पाऊस लागून राहिलेला असताना तळमजल्यावरच्या बाईंचं दार ठोठवावं. पाणी कुठपर्यंत येतं, टँकरला महिन्याला किती पडतात आणि गच्ची गळते का, हे त्या चहा देता देता सांगतात. भिंतीवरची ओलीची रेघही तेव्हाच दिसते. दसऱ्याला तिच्यावर रंग चढलेला असतो.